मेण नैसर्गिक होतं, मग भाजलं कसं?

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेलं तिशीतलं जोडपं होतं, दोघंही नोकरी करणारे. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. फोनवर वेळ घेताना त्यानं ‘वैवाहिक ताण’ एवढंच सांगितलं होतं. समोर बसल्यावर बराच वेळ तोच बोलत राहिला, आणि त्याच्या बोलण्यात एक वाक्य सारखं येत होतं : “माझ्या हातून तिला भाजलं.”

झालं होतं ते असं. अंगावर मेणाचे कोमट थेंब पडू द्यावेत, ही इच्छा तिची. तिनं कुठंतरी वाचलं होतं आणि कित्येक महिने मनात ठेवून मग नवऱ्याला सांगितलं होतं. तो कचरत तयार झाला. कुणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून तिनंच विचार केला की स्वस्तातली पांढरी मेणबत्ती नको, रसायनं असतील. चांगलं, शुद्ध घ्यावं. एका प्रदर्शनातून मधमाशीच्या मेणाची जाडजूड मेणबत्ती आणली. ती तासभर जळली, वातीभोवती मेणाचं तळं साचलं, आणि त्यानं ते वीतभर उंचीवरून तिच्या पाठीवर कलतं केलं. पाठीवर रुपयाएवढा फोड आला. घाबरून त्यावर टूथपेस्ट लावली. डॉक्टरांकडे गेले नाहीत, कारण ‘कसं भाजलं’ याचं उत्तर काय द्यायचं?

माझ्याकडे येईपर्यंत जखम सुकत आली होती. पण त्यानं तिला हात लावणंच बंद केलं होतं.

अशा वेळी मी दोघांशी आधी वेगवेगळं बोलते. नवरा समोर असताना बायको ‘माझी इच्छा होती’ म्हणते तेव्हा ते खरं असेलच असं नाही, आणि उलटंही तितकंच शक्य आहे. तिला एकटीला विचारलं, “भाजल्यावर तू काय म्हणालीस? त्यानं काय केलं?” ती म्हणाली, “मी ‘थांब’ म्हटलं आणि त्यानं मेणबत्ती तिथंच विझवली. मग तोच रडायला लागला.” नको म्हणायची भीती वाटते का, आधी कधी नको म्हटल्यावर काय झालं, पैसे-फोन-माहेर यांवर कुणाचा ताबा आहे, हेही विचारलं. उत्तरं मोकळी होती. ‘थांब’ म्हटल्यावर तो थांबला नसता, किंवा ही इच्छा तिच्या तोंडी त्यानं घातली आहे असं दिसलं असतं, तर आमचं बोलणं फार वेगळ्या दिशेला गेलं असतं, आणि मेणबत्ती कोणती हा मुद्दाच उरला नसता.

तिला स्वतःला एकच काळजी होती : “माझ्यात काही विकृती आहे का?” नाही, आणि हे मी तिला ठामपणे सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती 2022 पासून लागू झाली. सज्ञान माणसांनी एकमेकांच्या संमतीनं केलेल्या अशा गोष्टी त्या यादीत आजार म्हणून धरलेल्या नाहीत. संमती नसलेल्या माणसाला वेदना देण्याची तीव्र ओढ मात्र आजारात मोडते. रेष तिथं आहे, संमतीवर. हे ऐकून ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मग भाजलं कसं, ते तरी सांगा. मेण तर नैसर्गिक होतं.”

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण हीच समजूत अनेकांची असते. वस्तू नैसर्गिक आहे याचा ती किती अंशाला वितळते याच्याशी काही संबंध नाही. मधमाशीचं मेण वितळतं 62 ते 64 अंश सेल्सिअसला. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत खोलवर भाजू शकतं. मेण उष्णता पाण्यापेक्षा हळू देतं, पण ते चिकटून राहतं, झटकून टाकता येत नाही. म्हणजे ‘शुद्ध’ म्हणून तिनं निवडलेली मेणबत्ती या कामासाठी वाईट निवडींपैकी एक होती.

साधं पॅराफिन, म्हणजे नेहमीच्या मेणबत्त्यांचं खनिज तेलापासून मिळणारं मेण, आपल्या प्रकारानुसार साधारण 46 ते 68 अंशांच्या मध्ये कुठंही वितळतं. वीज गेल्यावर लावायची कडक पांढरी कांडी उन्हाळ्यात वाकू नये म्हणून कडक मेणाची करतात, बऱ्याचदा त्यात स्टिअरिक ॲसिडही घालतात, ती नकोच. वाढदिवसाच्या बारीक मेणबत्त्या नकोत. काचेच्या पेल्यातल्या जेलच्या नकोत, जेल उष्णता धरून ठेवतं आणि चिकटतं. सुगंधी आणि चकचकीत रंगांच्या टाळाव्यात. सुगंधी द्रव्यांनी संवेदनशील कातडीवर पुरळ उठू शकतं. उरतं काय? बिनवासाची, मऊ, कमी तापमानाला वितळणारी मेणबत्ती. याच कारणासाठी बनवलेल्या मऊ पॅराफिनच्या मेणबत्त्या मिळतात, आणि पन्नास अंशांच्या आसपास वितळणाऱ्या सोया मेणाच्याही. पण नुसतं ‘सोया’ लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नये. सोयातही कडक प्रकार असतात, आणि त्यात दुसरं मेण मिसळलेलंही असतं. वितळण्याचं तापमान छापलेलं नसेल तर विक्रेत्याला विचारावं, आणि त्याला सांगता आलं नाही तर घेऊ नये.

नवऱ्याचं डोकं हिशेबी. त्यानं लगेच विचारलं, “म्हणजे पन्नास अंशांचं मेण घेतलं की झालं?” नाही. तूप उन्हात ठेवलं तरी वितळतं, पण फोडणीच्या कढल्यातलं तूप हातावर उडालं की काय होतं ते स्वयंपाक करणाऱ्याला सांगावं लागत नाही. दोन्ही वितळलेलंच असतं. मेणाचंही तेच. वातीजवळचं मेण वितळण्याच्या तापमानापेक्षा बरंच जास्त तापलेलं असतं, आणि जितका वेळ तळं साचतं तितकं ते तापत जातं. त्यांनी थेंब टाकला नव्हता, तळं ओतलं होतं, आणि तेही वीतभरावरून. थेंब उंचावरून पडला की वाटेत निवतो आणि पडल्यावर पसरतो. म्हणून सुरुवात हातभर उंचीवरून, एकेक थेंब, आणि मधे थांबून विचारत. साचलेलं मेण आधी बाजूला ओतून द्यावं. मेण गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवून अजिबात वापरू नये, ते किती तापलं हे डोळ्यांना कळत नाही.

सांधेदुखीसाठी फिजिओथेरपिस्ट हात मेणात बुडवतात ते तिला आठवलं. तिच्या आजीनं ते उपचार घेतले होते. तिथं पॅराफिनमध्ये खनिज तेल मिसळलेलं असतं आणि थर्मोस्टॅटवर तापमान साधारण 52 ते 54 अंशांवर धरलेलं असतं. मेणबत्तीला थर्मोस्टॅट नसतो. म्हणून दरवेळी पहिला थेंब टाकणाऱ्यानं स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला घ्यायचा, तीच मेणबत्ती आधी वापरलेली असली तरी.

चेहरा, डोळे, केस, स्तनाग्रं, गुप्तांगं, जखम किंवा सोललेली कातडी यांच्यापासून मेण दूर. पाठ, नितंब, मांड्यांची बाहेरची बाजू इथली कातडी त्यामानानं सोसणारी. आधी पातळसं तेल लावलं की निवलेलं मेण सहज सुटतं, केस ओढले जात नाहीत. पण तेलानं लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो, फाटू शकतो, हे लक्षात ठेवायला हवं. मसाज कॅंडल, म्हणजे वितळून मालिशचं तेल होणारी मेणबत्ती, वापरली तरी तेच, तिच्यातही तेल किंवा बटर असतं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी हा प्रकार करूच नये, असं माझं मत आहे. भाजलेलं कळणारच नाही. दारू घेतलेली असेल तर त्या दिवशी नाही. सुरुवातीला हात बांधणं वगैरे नाही. सिंथेटिक चादर, पंख्यानं हलणारे पडदे, हाताला नुकतंच लावलेलं सॅनिटायझर यांच्याजवळ ज्योत नको, आणि बादलीभर पाणी खोलीत असावं.

भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं गार पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. मेण पाण्याखाली निवू द्यायचं; जे आपोआप सुटेल ते काढायचं, कातडीला घट्ट चिकटलेलं ओढायचं नाही. फोड फोडायचा नाही. मोठा फोड, तळहाताएवढं भाजणं, चेहरा किंवा गुप्तांगाचा भाग, पांढरी पडलेली बधिर कातडी, असं काही असलं तर डॉक्टर. “गरम मेण सांडलं” एवढं सांगितलं तरी उपचाराला पुरतं. लाजेपायी उपचार टाळणं मला फार खुपतं, कारण साध्या भाजण्यातही जंतुसंसर्ग होऊ शकतो.

हे सगळं ऐकून तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसली, त्याच्या नाही. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मला माहिती मिळाली, पण मला आता नको आहे. निदान काही महिने.” ती चटकन म्हणाली, “पण आता तर कळलंय ना कसं करायचं!” मी तिला थांबवलं. तिचं ‘थांब’ त्यानं जसं तत्काळ ऐकलं होतं, तसंच त्याचं ‘नको’ही तिनं ऐकायला हवं होतं. यावर आम्ही पुढच्या दोन भेटी घालवल्या. तिला वाटत होतं की तो नकार देतोय म्हणजे तिच्या इच्छेची त्याला किळस आली आहे. त्याला वाटत होतं, तिनं पुन्हा विचारलं तर ‘नाही’ म्हणता येणार नाही. दोघांनी हे एकमेकांना मोठ्यानं सांगितल्यावरच तो पुन्हा तिच्याजवळ बसायला लागला.

बऱ्याच आठवड्यांनी त्यानं स्वतःच एक अट घातली : करायचं तर पहिल्यांदा मेण त्याच्या हातावर, आणि टाकायचं तिनं. मऊ मेणाची मेणबत्ती त्यांनी मागवली आहे. वापरायची कधी, ते त्यानं अजून ठरवलेलं नाही, आणि ती त्याला विचारत नाही.