काका, घर विकू नका, आधी अकरा महिने भाड्याने राहून बघा

काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना काकूंचं ते वाक्य डोक्यातून जाईना, "पाऊस पडला की बरं वाटतं, निदान कौलांवरचा आवाज त्या घुंईला झाकून टाकतो." ज्या बाईला झोप लागायला मुसळधार पाऊस लागतो तिला सहन करा असं सांगायला मी बसलेली नाही. पण तुम्ही जे ठरवत आणलंय त्याचा हिशोब मात्र नीट मांडायलाच हवा.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. काका ६२ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. घर लोट्याच्या एमआयडीसीला लागून असलेल्या गावठाणात, पुढे ओटी, वर कौलं, मागच्या स्वयंपाकघरावर स्लॅब. दीड वर्षापूर्वी शेजारच्या कारखान्याने नवा ब्लोअर आणि कूलिंग टॉवर लावला तेव्हापासून चोवीस तास घुंईं चालू, लाईट गेली की त्यावर जनरेटर. काकूंचं बीपी वाढलंय, गोळी बदलली. एक लेबर कॉन्ट्रॅक्टर घराला २४ लाख द्यायला तयार आहे, त्यातले ९ लाख रोख. चिपळूणला तळमजल्यावरचा एक रीसेल फ्लॅट ३४ लाखात बघितलाय. जवळ पैसे म्हणाल तर सीनियर सिटिझन स्कीममध्ये १५ लाख आणि बँकेत ६ लाखाची एफडी. पेन्शन ३,१०० रुपये, घरखर्च १४,०००. मुलगा कळव्याला असतो, तो म्हणतो मी लोन काढतो. आणि एका खिडकीवाल्याने साउंडप्रूफ खिडक्यांचं २ लाख ६० हजाराचं कोटेशन दिलंय. प्रश्न एवढाच की विकायचं, की खिडक्या बसवायच्या?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको.

आधी फ्लॅटचं बघू. ३४ लाख ही फक्त बोर्डावरची किंमत झाली हो, त्यावर स्टॅम्प ड्युटी ६ टक्क्यांच्या आसपास धरा म्हणजे २ लाख ४ हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, आणि सामान हलवणं, ग्रिल, नळ, रंग, किचनचा ओटा यात दीड लाख कधी जातात कळत नाही. झाले जवळजवळ ३८ लाख. (कधीकाळी घेतलातच तर एकट्या काकूंच्या नावावर घ्या, महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, म्हणजे इथे ३४ हजार वाचतात.) घराचे २४ लाख आले तरी १४ लाख कमी पडतात. एफडी मोडली तरी ८ लाख बाकी, ते सीनियर सिटिझनमधून काढायचे म्हणता, पण त्या स्कीममधून थोडे पैसे काढून बाकीचे ठेवता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं, आणि तुमच्या खात्याला दोन वर्षं झालीत म्हणून १ टक्का कापतात, म्हणजे १५ हजार गेले. मग उरतात ७ लाख.

आता हे जरा सावकाश वाचा. आज तुम्हाला ८.२ टक्क्याने १५ लाखाचे महिन्याला १०,२५० पडतात, एफडीचे साधारण ३,५०० आणि पेन्शन ३,१००, मिळून १६,८५०. खर्च १४,०००, म्हणजे हात जेमतेम पण वरती आहे. फ्लॅट घेतल्यावर त्या ७ लाखाचे महिन्याला ४,८०० च्या आत येतात, पेन्शन धरून ७,९००, आणि खर्चात सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, तो १,२०० धरला तर खर्च १५,२००. दर महिन्याला सात हजारावर खड्डा, तो मुद्दलातूनच भरायचा, आणि मुद्दल साधारण ६ वर्षांत संपतं, तेही महागाई अजिबात वाढली नाही असं धरून. तेव्हा तुम्ही ६८ चे असाल. आवाज गेला पण झोप काही आली नाही असं व्हायला नको.

आणि त्या घराच्या मागची सहा कलमं तुम्ही पत्रात सहज लिहून टाकलीत, वर्षाला वीसेक हजाराचे आंबे जातात म्हणून. ते पण जाणार. गणपती कुठे आणायचा हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण कोकणातलं घर विकताना तो प्रश्न येतोच, आणि तो पैशाच्या प्रश्नापेक्षा लहान नाही.

त्या ९ लाख रोखीबद्दल तर सरळ नाही म्हणा. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, घेतली तर जितकी घेतली तितकाच दंड बसू शकतो, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला. वर खरेदीखतात १५ लाखच दिसणार, मग फ्लॅटवाल्याला ३४ लाखाचा चेक कुठून देणार?

तळमजला का, हेही विचारते. चिपळूणमध्ये घर बघताना मी आधी २२ जुलै २०२१ चा पूर विचारते, मग २००५ चा २६ जुलैचा विचारते. वाशिष्ठीचं पाणी त्या इमारतीत किती चढलं होतं ते शेजारच्या जुन्या दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर हात लावून दाखवेल. कमी भावात तळमजला मिळतोय तर त्याचं कारण बरेचदा त्या भिंतीवरच असतं.

मुलाच्या लोनचं थोडक्यात. १४ लाखाला २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्याने १२ हजारावर हप्ता बसतो, त्याचा पगार ३८,००० आणि १२,००० भाडं तो आत्ताच भरतोय, घरात लहान मूल आहे. त्याला उद्या तिकडे स्वतःचं घर घ्यायचंय तेव्हा हेच लोन आडवं येईल. त्याला नाही म्हणा, प्रेमाने.

आता खिडक्या. काका, तुमच्या घराला कौलं आहेत. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये जी फट असते, जिथून उन्हाळ्यात वारा येतो आणि चिमण्या आत शिरतात, तिथूनच आवाज आत येतोय, आणि कौलांमधून तर येतोच येतो. खाली दोन काचांची भारी खिडकी बसवली आणि वर छप्पर तसंच उघडं राहिलं तर २ लाख ६० हजार गेले समुद्रात. त्यातून ब्लोअरची घुंईं ही खालच्या सुरातली, ती काचेला फारशी जुमानत नाही, हॉर्न किंवा बोलणं अडतं तशी ती अडत नाही. कोटेशनवाल्याला बोलावण्याआधी एक करा, रात्री दोन वाजता खोलीच्या खिडकीला आतून कापसाची जाड गादी उभी लावा, कडा चादरींनी बुजवा आणि पलंगावर दहा मिनिटं गप्प पडून राहा. आवाज निम्मा झाला तर खिडकीचा विचार करू. फरकच पडला नाही तर उत्तर फुकटात मिळालं. दुसरी रात्र मागच्या स्लॅबच्या खोलीत झोपून बघा, ती बाजू कारखान्याच्या उलट दिशेला आहे असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. आणि समजा खिडक्या बसवल्याच, तर त्या बंद ठेवायला लागणार, मग आपल्याकडच्या दमट हवेत जुलैत भिंतींना बुरशी आणि मे महिन्यात एसी, त्याचं बिल कोण भरणार, ते कोटेशनमध्ये नाहीये.

मग करायचं काय. त्या कॉन्ट्रॅक्टरला घर कशाला हवंय, तर कामगार ठेवायला. मग त्याला भाड्याने द्या ना! तुमच्या भागात महिना ७,००० मिळायला हरकत नसावी, देवाची खोली कुलूप लावून स्वतःकडे ठेवा, गणपतीला पाच दिवस जाता येईल असं आधीच बोलून घ्या आणि करारात लिहा. तुम्ही दोघं चिपळूणला किंवा आतल्या एखाद्या शांत गावात ८,५०० पर्यंत भाड्याने राहा. फरक महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००. हा तुमच्या झोपेचा भाव झाला, आणि तो तुम्हाला परवडतोय, १६,८५० मधून खर्च आणि हा फरक वजा केला तरी १,३५० शिल्लक राहतात आणि मुद्दलाला हात लागत नाही. खिडक्यांच्या त्या २ लाख ६० हजारात असा फरक १४ वर्षं भरता येईल. करार अकरा महिन्यांचा असला तरी रजिस्टर करायचाच, दोन्हीकडचा, आणि घराचा करार कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर करा, एकेका कामगाराच्या नाही, निदान ३० हजार डिपॉझिट घ्या, तेच तुम्हाला तिकडे भरायला होतील.

भाड्याने राहण्याचा आग्रह मी का धरते ते सांगते. माझं माहेर रत्नागिरीला बंदराजवळ, घराच्या मागे बर्फाचा कारखाना. रात्री कॉम्प्रेसर सुरू झाला की फळीवरची स्टीलची भांडी एकमेकांना लागून किणकिण करायची, आई उठून त्यांच्यामध्ये फडकी घालायची, मग झोपायची. बाबांनी एक दिवस वैतागून घर मिळेल त्या भावात देऊन टाकलं आणि हायवेलगत फ्लॅट घेतला, दुपारी बघायला गेले होते तेव्हा शांत होता. रात्री ट्रक चढावर गिअर बदलायचे. परत जायला घर उरलं नव्हतं. आईची ती फडकी नव्या घरातही बाहेर निघाली, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि जाताना तक्रार सोडून जाऊ नका, ती तुमच्या मालमत्तेची किंमत आहे. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल, औद्योगिक भागात ७५ आणि ७०. कारखानेवाले स्वतःच्या कुंपणावरचा आकडा दाखवून आम्ही नियमात आहोत म्हणतील, तुम्ही आग्रह धरा की मोजणी माझ्या ओटीवर करा, हे गावठाण आहे, ही घरपट्टीची पावती. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा जास्त असेल तर तक्रार करायचा हक्क त्याच नियमात दिलाय. मोबाईलच्या ॲपवरचा आकडा पुरावा म्हणून चालणार नाही पण वहीत तारीख, वेळ आणि आकडा रोज लिहून ठेवा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाला रात्रीच बोलवायला त्याचा उपयोग होतो. मंडळाने त्या कारखान्याला चालवायला दिलेल्या संमतीपत्रात आवाजाच्या अटी काय आहेत ते माहिती अधिकारात १० रुपयांत मागा. जनरेटरला आवाज दाबणारी पेटी आहे का तेही विचारा, १००० केव्हीए क्षमतेपर्यंतच्या जनरेटरला पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत राहावं लागतं. एकट्याने नाही, वाडीतल्या दहा-बारा घरांच्या सह्या घेऊन आणि ग्रामपंचायतीचं पत्र जोडून. मंडळाकडून काही झालं नाही तर प्रांतांकडे सार्वजनिक उपद्रवाचा अर्ज करता येतो, त्यापुढे पुण्याला हरित लवाद आहे. ब्लोअरला सायलेन्सर बसला तर याच घराला आजच्यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक मिळेल, आणि नाहीच बसला तर अकरा महिन्यांनी आपण परत हिशोबाला बसू. तेव्हा विकायचं ठरलं तर विक्रीतला नफा दोन वर्षांच्या आत दुसऱ्या राहत्या घरात घातला की त्यावर टॅक्स लागत नाही, त्यामुळे टॅक्सपायी घाई करायचं कारण नाही.

कॉन्ट्रॅक्टरने ५१ हजार टोकन देऊ केलंय असं तुम्ही शेवटी लिहिलंत. ते घेतलं नसेल तर घेऊ नका, घेतलं असेल आणि कागदावर सही केली असेल तर त्या कागदाचा फोटो मला आधी पाठवा, गादी खिडकीला लावून बघायच्याही आधी.