ऑर्किडच्या पानावर डाग? आधी पान उलटून बघा, मग पंप उचला

प्रश्न (मोहोळ तालुका): शेडनेटमधल्या डेंड्रोबियम ऑर्किडच्या पानांवर काळे-तपकिरी डाग पडलेत. दुकानदाराने कॉपर (तांबेयुक्त बुरशीनाशक), स्ट्रेप्टोसायक्लीन (अँटिबायोटिक) आणि टॉनिक एकाच पंपात मारायला दिलंय. मारू का?

उत्तर: मारू नका. डेंड्रोबियमवर कॉपर तर नकोच. कोवळी पानं, मुळांची हिरवी टोकं आणि कळ्या त्याने करपतात. मग ते करपणं ‘रोग वाढला’ म्हणून खपतं आणि पुढची बाटली तुमच्या गळ्यात पडते.

डाग ओला, तेलकट असेल, दाबल्यावर फुटून पाणी येत असेल, वास मारत असेल आणि दोन दिवसांत पानभर पसरत असेल, तर ती जिवाणूजन्य मऊ कूज. कोरडा, खोलगट, आत गोल कडी आणि बारीक काळे ठिपके असतील तर करपा, हा बुरशीचा रोग. तो सावकाश वाढतो. वरून पिवळट ठिपका आणि पानाखाली काजळी फासल्यासारखं दिसलं तर पानावरचा बुरशीजन्य ठिपका. फक्त उन्हाच्या बाजूला पांढरट डाग पडून तिथेच थांबला असेल तर ते ऊन लागलंय. त्याला औषध नाही, उन्हाळ्यात वर दुसरी जाळी टाका. आणि कडी, ठिपके काही नसताना नुसती टोकं जळत असतील तर आधी बोअरचं पाणी तपासा. आपल्याकडे क्षार हेच कारण जास्त सापडतं, आणि शेतकरी महिनोन्महिने बुरशीनाशक मारत बसतो. शेततळ्यात साठवलेलं पावसाचं पाणी ऑर्किडला राखून ठेवा.

कूज आणि करपा, दोन्हीत कात्री आधी. डागाच्या पुढे एक इंच निरोगी भाग घेऊन कापा, पान जाळा, आणि प्रत्येक कुंडीनंतर पातं ज्योतीवर धरा. न धरता पुढच्या कुंडीला लावलेली कात्री रोगाबरोबर विषाणूही नेते, आणि विषाणूवर इलाज नाही; ते झाड उपटूनच टाकावं लागतं. मऊ कुजेच्या कुंडीला दोन-तीन दिवस पाणी तोडा.

करपा किंवा ठिपका, म्हणजे बुरशी असेल तरच मॅन्कोझेब 75 टक्के हे बुरशीनाशक, लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 30 ग्रॅम. दुकानदार ‘ऑर्किड नाजूक, डोस वाढवा’ म्हणेल. नाजूक आहे म्हणूनच वाढवायचा नाही! टॉनिक, कीटकनाशक, अँटिबायोटिक काहीही त्यात मिसळू नका. बुरशीवर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. फवारणी सकाळी लवकर करा. एप्रिल-मेमध्ये दुपारी मारलेलं औषध पान भाजतं, संध्याकाळी मारलेलं पान रात्रभर ओलं ठेवतं.

माझा सगळा भर पाण्याच्या वेळेवर आहे. पाणी सकाळीच द्या. दिवस मावळायच्या आत पान आणि पोंग्यातली (शेंड्याच्या कोवळ्या पानांमधली) खाच कोरडी झालीच पाहिजे. रात्री फॉगर (धुक्यासारखं पाणी सोडणारं यंत्र) चालवायचा नाही. कुंड्या एकमेकींना चिकटल्या असतील तर सुट्या करा, हवा खेळू द्या. एवढं पाळलं तर निम्म्या फवारण्या आपोआप टळतात. संध्याकाळचं पाणी चालू ठेवून औषध मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

शेडनेटच्या अनुदानाचंही विचारलंय: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा, पूर्वसंमतीआधी काम सुरू करू नका.

नमुना कृषी विज्ञान केंद्रात नेताना पान कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत ते वाटेतच कुजतं आणि मूळ डाग ओळखता येत नाही. दुकानातून काही घेतलं असेल तर त्याचं पक्कं बिल आणि बाटलीचं लेबल बरोबर ठेवा.