पल्स कोण पाठवतंय, ते आधी बघ

प्रिय पोरी,

पत्र मिळालं. तुझ्या सीएनसी मशीनसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर कोरणाऱ्या-कापणाऱ्या मशीनसाठी, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कंट्रोल बोर्ड आणायला गेलीस आणि तीन दुकानांतून तीन मतं घेऊन आलीस, म्हणून आता गोंधळली आहेस. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ, असं विचारतेस. मी आधी वेगळं विचारतो: मशीन सरकवणारी स्टेपर मोटर विजेच्या एकेका ठोक्याला, म्हणजे पल्सला, एकेक पाऊल फिरते; तिला हे पल्स पाठवणार कोण? स्क्रीनवरची बटणं त्यानंतरची गोष्ट.

जीआरबीएल म्हणजे आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालणारं फुकटचं सॉफ्टवेअर. त्यात हे काम त्या बोर्डावरची छोटी चिप करते. लॅपटॉप फक्त जी-कोडच्या, म्हणजे टूल कुठे आणि किती वेगाने न्यायचं ते सांगणाऱ्या, ओळी पुरवतो. म्हणून कँडल, युनिव्हर्सल जी-कोड सेंडर, बीसीएनसी हे सगळे ओळी पाठवणारे. मशीन चालवते ती चिप. हे फुकट आहेत, दोन-तीन लावून बघ आणि हाताला बसेल तो ठेव. पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या पाट्या, कोरायच्या असतील तर मात्र हाइट मॅप (पृष्ठभागाचे उंचसखल मोजून टूलची खोली जुळवणं) देणाराच घे, जसं कँडल किंवा बीसीएनसी. पीसीबी कधीच अगदी सपाट नसते, आणि आपल्याकडे जुलैत खालची एमडीएफची फळीसुद्धा फुगते.

उनो कमी पडेल, असं कुणीतरी तुला सांगितलंय. हिशेब करून बघ. मोटर फेऱ्याला २०० स्टेप्सची, मायक्रोस्टेप १६ (ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे १६ तुकडे करतो), म्हणजे फेऱ्याला ३,२०० पल्स. तुझा स्क्रू फेऱ्याला ४ मिमी सरकवतो, म्हणून मिलिमीटरला ८०० पल्स. जीआरबीएल सेकंदाला ३०,००० पल्सपर्यंत नीट देतो. म्हणजे मिनिटाला २,२५० मिमी. तुझ्या ३०० बाय १८० मिमीच्या मशीनवर लाकूड किंवा अॅक्रिलिक कापताना एवढा वेग तू वापरणारच नाहीस.

मॅक-३ हे विंडोजवरचं सीएनसी सॉफ्टवेअर पूर्वी आम्ही खूप वापरलं. त्यात विंडोजचा पीसीच पॅरलल पोर्टमधून (जुन्या प्रिंटरच्या सॉकेटमधून) पल्स काढतो, आणि त्या पोर्टचा ड्रायव्हर ६४-बिट विंडोजवर चालत नाही. पल्स काढणारं वेगळं मोशन कंट्रोलर कार्ड लावलं तर चालतं, पण तो खर्च तुला कशाला? फुकटच्या डेमोत ५०० ओळींची मर्यादा आहे. नक्षीच्या एका कोपऱ्यातच त्या संपतात.

लिनक्ससीएनसी या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरबद्दल मला मनापासून आदर आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या कंट्रोलरपासून ते वाढलं. पुढे लेथवर आटे पाडायचे असतील, स्पिंडलच्या फिरण्याशी टूलची चाल जुळवायची असेल, तर त्याच्याकडेच जा. जीआरबीएलला ते जमत नाही. पण त्यातही पल्स सहसा पीसीच काढतो, म्हणून वेळेवर उत्तर देणारा पीसी लागतो. लॅपटॉप मध्येच स्वतःची वीज वाचवायला जातो आणि पल्स उशिरा निघतो. जुना डेस्कटॉप मिळाला तर त्यावर आधी लेटन्सी टेस्ट (पीसी किती उशीर करतो ते मोजणारी चाचणी) चालव, मग ठरव. तुला आज त्याची गरज नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. एकदा मी सागवानी पाटी कोरत होतो. स्पिंडलची, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मोटरची, वायर आणि यूएसबी केबल मी एकाच पट्टीने बांधली होती. स्पिंडलच्या वायरचा विजेचा गोंगाट केबलमध्ये शिरला आणि शेवटच्या अक्षरावर यूएसबीचा संपर्क तुटला. चिपकडे होत्या तेवढ्या ओळी संपल्या आणि टूल जागच्या जागी थांबलं, पण स्पिंडल फिरतच राहिला. मी आतल्या खोलीत होतो. धुराचा वास आला तेव्हा धावलो. लॅपटॉपवरचं स्टॉपचं बटण दाबून उपयोग नव्हता, कारण मधली तारच बोलत नव्हती.

म्हणून सॉफ्टवेअरवर वाचलेले पैसे घेऊन लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, जा. लाल मशरूमचं इमर्जन्सी बटण घे, आणि ते असं जोड की स्पिंडल आणि मोटर ड्रायव्हर, दोन्हींची वीज थेट कापली जाईल. असा गोंगाट आत शिरू नये म्हणून यूएसबी केबल आखूड, शील्डवाली, फेराइटची गाठ असलेली घे. लिमिट स्विच, म्हणजे मशीन टोकाला पोचलं की दाबला जाणारा स्विच, नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला, दाबला की तुटणारा) जोड, म्हणजे तार तुटली तरी मशीनला कळेल. आणि मशीन चालू असताना खोली सोडू नकोस, पाच मिनिटंसुद्धा नाही.

आधी टूल न लावता, हवेतच, १०० मिमीचा चौकोन चालव आणि पट्टीने मोज. कमी-जास्त भरलं तर सॉफ्टवेअर बदलत बसू नकोस. $१०० आणि $१०१ या सेटिंगमधला मिलिमीटरमागचा पल्सचा आकडा आधी तपास.

रविवारी दुपारी येतोय. तोवर स्पिंडलची वायर नुसती मोकळी ठेव, बांधू नकोस. ती कुठून न्यायची ते तुझ्या गॅलरीत उभं राहूनच ठरवू.

तुझा,
काका