पुणे–लोणावळा लोकल वाढाव्यात म्हणून लोकांचा पाठिंबा कसा उभा करायचा?

लोकल वाढल्या तर मावळातल्या गावांना खरंच काही फायदा होईल का, आणि त्यासाठी लोक कसे जमवायचे, असं तुम्ही विचारलंय.

फायदा होतोच. पहाटेच्या गाडीला कामशेत-कान्ह्याला उभे राहून बघा. दुधाच्या किटल्या घेतलेले गवळी, शिवाजीनगरला कॉलेजात निघालेल्या मुली, पिंपरीच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारे कामगार. पासाच्या पैशात महिनाभर जाणं-येणं होतं. तेवढ्यात गाडीचं पेट्रोल आठवडाभरही पुरत नाही. वाचलेला पैसा घरात राहतो, मुलीचं शिक्षण सुटत नाही, आणि कामासाठी पुण्यात महागडी खोली घ्यावी लागत नाही. मला यातली मुलींची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

लोकल १९७८ पासून धावतेय, पण रूळ दोनच. त्यांवरूनच मुंबईच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्याही जातात. म्हणून नुसतं ‘फेऱ्या वाढवा’ म्हणू नका, तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचा आग्रह धरा. मुंबईत अशा कामांसाठी १९९९ मध्ये रेल्वे आणि राज्य सरकारने मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ काढलं. खर्चाचा भार दोघांनी उचलायचा असतो, म्हणून खासदाराइतकाच आमदारही गाठा.

सुरुवात स्टेशनवरूनच करा. कोणाला किती वाजता गाडी हवी होती आणि मिळाली नाही, ते वहीत लिहून घ्या. ग्रामपंचायतींचे ठराव घ्या. कारखान्यांकडून पाळ्यांच्या वेळा पत्रावर लिहून मागा. नुसत्या सह्यांपेक्षा अशा कागदांना वजन येतं.