वाचकांचे प्रश्न : हौदातला पांढरा थर

प्रश्न : सांगलीजवळ शेतघरी पोहण्याचा ४०,००० लिटरचा हौद आहे. पाणी बोअरचं. टाइल्सवर पांढरा थर बसतो, पाणी दुधाळ दिसतं. तपासणीत कॅल्शियम हार्डनेस (कॅल्शियममुळे येणारा पाण्याचा जडपणा) ६५० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ६५० मिलिग्रॅम आला. काय घालावं?

उत्तर : घालून कॅल्शियम जात नाही, पाणीच बदलावं लागतं. २०० ते ४०० पीपीएम ठीक. निम्मं पाणी काढा आणि १०० पीपीएमच्या आसपासचं पाणी भरा. म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. आकडा ३७५ वर येईल. टँकरचं पाणी आधी तपासा. तेही बोअरचंच निघालं तर पैसे वाया. छतावरचं पावसाचं पाणी गाळून वापरलंत तर उत्तमच, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्यात मात्र हौद पूर्ण रिकामा करू नका. काळ्या रानात खालून पाण्याचा दाब येऊन तळ फुटतो.

क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ती थांबवा, तिच्यातून रोज कॅल्शियमच पडतं. त्याऐवजी लिक्विड क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट घ्या. त्याने पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कली हे सांगणारा आकडा) चढतो. तो ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा, वर गेला की थर धरतो. तो उतरवायला एका वेळी ३०० मिली हायड्रोक्लोरिक ॲसिड बादलीभर पाण्यात ओतायचं (ॲसिडवर पाणी कधीच नाही), पंप चालू ठेवून हौदात सोडायचं, चार तासांनी पुन्हा मोजायचं. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. दोन्हींच्या बादल्या वेगळ्या ठेवा.