आयरिश निवडणुकीत ‘सहावी फेरमोजणी’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील आयरिश निवडणुकांवर लेख लिहिताना प्रश्नकर्त्याने ‘हा उमेदवार सहाव्या फेरमोजणीत, दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आला’ असे वाक्य केले आहे. त्यातला ‘फेरमोजणी’ हा शब्द चालेल का, नसेल तर काय लिहावे, आणि आयरिश पक्षांची व पदांची नावे देवनागरीत कशी उतरवावीत, हे विचारले आहे.

‘फेरमोजणी’ चालणार नाही. झालेल्या मोजणीवर कोणी हरकत घेतली आणि तीच मते पुन्हा मोजली, तर ती फेरमोजणी. आयर्लंडमध्ये सहाव्या वेळी जे घडते ते वेगळे असते, आणि हरकतीशी त्याचा संबंध नसतो. तिथे सगळ्या मतपत्रिका पहिल्याच वेळी मोजून होतात. पुढे त्यांतल्याच काही पत्रिका एका उमेदवाराच्या गठ्ठ्यातून दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जातात आणि दर वेळी नवी बेरीज मांडली जाते. त्या प्रत्येक बेरजेला ‘मोजणीचा टप्पा’ म्हणावे. ‘फेरी’ व्याकरणाने चुकीची नाही, पण ‘बाराव्या फेरीअखेर आघाडीवर’ ही भाषा आपल्या कानात पक्की बसली आहे, आणि त्या फेऱ्यांत दर वेळी नव्या मतांची भर पडते. आयरिश टप्प्यांत नवे मत एकही येत नाही. शिवाय ‘दुसऱ्या फेरीत विजयी’ असे वाचले की मतदानच दुसऱ्यांदा झाले असावे अशी शंका येते. म्हणून टप्पा बरा.

हे एकदा आकड्यांत पाहिले की पुढचे शब्द आपोआप जागेवर बसतात. समजा, पाच जागांचा मतदारसंघ आहे आणि वैध मते ३०,००० आहेत. जागांत एक मिळवून भागायचे, येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवायचा: ३०,००० भागिले ६ म्हणजे ५,०००, अधिक १. कोटा ५,००१. एका उमेदवाराला पहिल्या पसंतीची ८,००१ मते पडली. तो निवडून आला आणि त्याची ३,००० मते कोट्यावर उरली. ही ‘अतिरिक्त मते’. आता त्याच्या ८,००१ पत्रिका पुढच्या पसंतीनुसार लावतात. त्यांतल्या ४,००० पत्रिकांवर पुढचे नाव ‘ब’चे आहे, २,००० वर ‘क’चे, आणि २,००१ पत्रिकांवर पुढे काहीच लिहिलेले नाही. पुढे जाऊ शकणाऱ्या पत्रिका ६,०००, पाठवायची मते ३,०००. म्हणून ‘ब’ला २,००० आणि ‘क’ला १,००० मिळतात. बाकीच्या ५,००१ पत्रिका निवडून आलेल्याच्याच नावावर राहतात. हा झाला दुसरा टप्पा. अतिरिक्त मते वाटायला उरली नाहीत की सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद करतात आणि त्याच्या सगळ्या पत्रिका पुढे पाठवतात. तो तिसरा. असे करत शेवटी जेवढ्या जागा उरल्या तेवढेच उमेदवार उरले, तर ते कोटा पूर्ण न करताही निवडून येतात.

विधान परिषदेच्या बातम्या वाचणाऱ्याला यातले बहुतेक शब्द पाठ आहेत: कोटा, पहिली पसंती, पसंतीक्रम, बाद होणे. ते सरळ वापरावेत, नवे घडवू नयेत. फक्त एक फरक ध्यानात ठेवावा. आमदार विधान परिषदेवर सदस्य निवडतात तेव्हा एकाहून जास्त जागा असल्या की प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात. २८८ आमदारांची मते वैध ठरली आणि जागा ११ असल्या, तर २८,८०० भागिले १२, अधिक १, म्हणजे कोटा २,४०१. अतिरिक्त मते पुढे जातात तेव्हा पुढे जाण्याजोग्या सगळ्या पत्रिका जातात, पण घटलेल्या मूल्याने. आयर्लंडच्या डॉलच्या (म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या) निवडणुकीत मूल्य घटत नाही, प्रत्यक्ष कागदच मोजून उचलतात. वरच्या उदाहरणात ‘ब’च्या ४,००० च्या गठ्ठ्यातल्या वरच्या २,००० पत्रिका गेल्या, खालच्या २,००० तिथेच राहिल्या. म्हणूनच मोजणीपूर्वी सगळ्या मतपत्रिका नीट मिसळून घेतात. नाहीतर वरच्या पत्रिका एकाच गावच्या निघतील आणि त्यांच्या पुढच्या पसंत्या सगळ्या गठ्ठ्याचे चित्र दाखवणार नाहीत. तेव्हा आयरिश लेखात ‘मतमूल्य’ शब्द आला तर तो आपल्याकडून तिकडे गेला आहे असे समजून काढून टाकावा.

आता ‘दुसऱ्या पसंतीच्या मतांवर’. हा प्रयोग आपल्या वर्तमानपत्रांत रुळला आहे, पण सहाव्या टप्प्यापर्यंत पोचलेल्या उमेदवाराबाबत तो बहुधा खोटा ठरतो. मतदाराने दुसरी पसंती दिलेला उमेदवार आधीच निवडून आला किंवा बाद झाला असेल, तर पत्रिका तिसऱ्याकडे जाते, तोही नसेल तर चौथ्याकडे. ‘पुढच्या पसंतीची मते’ म्हटले की सगळे टप्पे त्यात येतात. वाक्य असे करता येईल: ‘मोजणीच्या सहाव्या टप्प्यात, इतरांकडून वळलेल्या मतांनी कोटा पूर्ण करून तो निवडून आला.’ अर्थात कोटा खरोखर पूर्ण झाला होता का, हे निकालाच्या तक्त्यात आधी पाहावे.

इथे ‘वळलेली मते’ मुद्दाम सुचवतो. राज्यघटनेच्या मराठी पाठातले ‘एकल संक्रमणीय मत’ हे पद्धतीचे नाव म्हणून एकदा द्यावे, पण ‘मतांचे संक्रमण झाले’ असे प्रत्येक वाक्यात लिहिल्यास वाचक दमतो. ‘मते फुटली’ मात्र कदापि नको. मराठीत मत फुटते तेव्हा कोणीतरी पक्षादेश मोडलेला असतो. फिआना फॉल या पक्षाच्या मतदाराने आपल्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना क्रम देऊन पुढचा आकडा मजूर पक्षाच्या उमेदवारापुढे लिहिला, तर त्याने कोणाचाही विश्वासघात केलेला नाही. पद्धत त्यासाठीच आहे.

दुसरी गफलत ‘बाद’ शब्दाची. ‘बाद मते’ म्हणजे अवैध मते, आणि ‘बाद उमेदवार’ म्हणजे मोजणीतून वगळलेला. एकाच परिच्छेदात दोन्ही आले की ‘बाद उमेदवाराची मते’ ही बाद मतेच वाटू लागतात. प्रत्यक्षात तीच तर पुढे जाऊन निकाल फिरवतात. मतांना ‘अवैध’ म्हणावे, ‘बाद’ उमेदवारासाठी राखून ठेवावे. ज्यांच्यावर पुढची पसंती नाही त्या पत्रिका या दोन्हींहून वेगळ्या. त्या वैधच असतात, फक्त तिथे थांबतात.

‘एकल’ला तिथे खरा अर्थ आहे, तो गाळू नये. आपल्या महापालिकांत चार सदस्यांच्या प्रभागात मतदार चार मते देतो. आयर्लंडमध्ये १९२३ च्या कायद्याने गॉलवे मतदारसंघाला नऊ जागा होत्या, पण मतदाराचे मत एकच होते आणि नावांपुढे १, २, ३ हा त्याच मताचा क्रम होता. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापलेले नसे, त्यामुळे मतदाराला माणसांची नावे माहीत असावी लागत.

या पद्धतीचे ठळक उदाहरण हवे तर १९२३ च्या क्लेअरचे घ्या. पाच जागांच्या या मतदारसंघात पुढे सरकारप्रमुख झालेले एमन डी व्हॅलेरा उभे होते. १५ ऑगस्टला एनिस गावच्या सभेत त्यांना अटक झाली आणि २७ ऑगस्टच्या मतदानाच्या वेळी ते कैदेत होते. त्यांना पहिल्या पसंतीची मते दोन कोट्यांहून जास्त पडली. त्यांचे सहकारी ब्रायन ओहिगिन्स यांना पहिल्या पसंतीची मते अगदीच मोजकी होती, तरी डी व्हॅलेरांची अतिरिक्त मते वळून तेही निवडून आले. अशा उमेदवाराबद्दल ‘मोजकी मते मिळवून निवडून आले’ हे वाक्य चूक आहे. ‘पहिल्या पसंतीची मोजकी मते असूनही’ हे बरोबर. ‘पहिल्या पसंतीची’ हे दोन शब्द पक्षांच्या टक्केवारीपुढेही लिहावेत.

१९२७ वर लिहिताना ‘बहिष्कार’ जपून वापरावा. जूनच्या निवडणुकीत डी व्हॅलेरा यांच्या फिआना फॉलने ४४ जागा जिंकल्या. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ मान्य नसल्याने त्यांचे सदस्य सभागृहात बसले नाहीत. म्हणजे बहिष्कार निवडणुकीवर नव्हता, सभागृहावर होता. १० जुलैला मंत्री केव्हिन ओहिगिन्स यांची हत्या झाली, सरकारने उमेदवारांवर शपथेची सक्ती करणारा कायदा आणला, आणि ऑगस्टमध्ये फिआना फॉल सभागृहात आला. १६ ऑगस्टच्या अविश्वास ठरावावर ७१ विरुद्ध ७१ अशी बरोबरी झाली. सरकारविरुद्ध मत देणे अपेक्षित असलेले स्लायगोचे सदस्य जॉन जिंक्स गैरहजर राहिले होते. सभापती मायकेल हेज यांच्या निर्णायक मताने सरकार वाचले. १५ सप्टेंबरला पुन्हा निवडणूक झाली तेव्हा सत्ताधाऱ्यांना ६२ आणि फिआना फॉलला ५७ जागा मिळाल्या. ही ‘पोटनिवडणूक’ नव्हे, एकाच वर्षातली दुसरी सार्वत्रिक निवडणूक. पोटनिवडणुका वेगळ्या, त्या २४ ऑगस्टला डब्लिनमध्ये दोन जागांसाठी झाल्या होत्या.

सभागृह १५३ जणांचे, म्हणून बहुमत ७७. हा आकडा हाताशी ठेवला तर ‘१९३२ मध्ये डी व्हॅलेरा बहुमताने सत्तेवर आले’ असे लिहून होणार नाही. तेव्हा त्यांच्या ७२ जागा होत्या. सर्वांत मोठा पक्ष, पण सत्ता मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर. नेमक्या ७७ जागा जानेवारी १९३३ मध्ये मिळाल्या.

पदांच्या बाबतीत ‘अध्यक्ष’ हा शब्द दगा देतो. १९२२ ते १९३७ या काळात सरकारप्रमुखाचे पद ‘कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष’ असे होते: आधी विल्यम कॉसग्रेव्ह, मार्च १९३२ पासून डी व्हॅलेरा. त्यांना ‘राष्ट्राध्यक्ष’ म्हणणे ही ढोबळ चूक. त्या देशाला पहिले राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड १९३८ मध्ये मिळाले. हेज हेही मराठी अर्थाने सभागृहाचे अध्यक्षच. १६ ऑगस्टच्या परिच्छेदात दोन अध्यक्ष एकमेकांवर आदळू नयेत म्हणून हेज यांना ‘सभापती’ म्हणावे. ‘तीशख’ हे सरकारप्रमुखाचे पदनाम डिसेंबर १९३७ मध्ये नव्या घटनेबरोबर आले, त्यामुळे १९२७ किंवा १९३२ च्या वाक्यात ते नको. तसेच ‘फिना गेल’चे. तो पक्ष सप्टेंबर १९३३ मध्ये स्थापन झाला. त्याआधी कॉसग्रेव्ह यांचा पक्ष वेगळ्या नावाचा होता.

त्या जुन्या पक्षाचे नाव रोमन स्पेलिंग (Cumann na nGaedheal) पाहून ‘कुमान ना न्गेडहील’ असे लिहाल तर पार फसाल. मधली बरीच अक्षरे मूक आहेत, आणि आरंभीच्या जोडीतला ‘ग’ उच्चारलाच जात नाही. त्या जागी ‘वाङ्मय’मधला ङ येतो. इंग्रजीला शब्दाच्या सुरुवातीला हा उच्चार झेपत नाही, देवनागरीत मात्र त्याला स्वतंत्र अक्षर आहे. म्हणून ‘कुमान ना ङेल’ असेच लिहावे. ङ छापायला अडचण असेल तर ‘कुमान ना गेल’ चालवून घ्यावे. सभागृह ‘डॉल एरन’, त्याचा सदस्य ‘त्याख्ता डॉला’. पण तिथेही रोज बोलताना ‘टीडी’ म्हणतात, आणि मराठी लेखात पहिल्या उल्लेखात ‘डॉलचे सदस्य’ लिहून पुढे ‘टीडी’ ठेवल्यास वाचक अडखळत नाही.