छेदाकडे बघ

अगं, अमेरिकी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी केलेला तुझा तक्ता पाहिला. रकाने आखलेस, रंगही भरलेस, आणि शेवटी तोच प्रश्न: ‘सर, माझे चान्सेस किती?’ तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे लिहीत बसत नाही. ते तुलाही ठाऊक आहे.

प्रवेश मिळालेल्यांचे गुण, निबंध, उपक्रम तू गोळा केलेस. नकार आलेल्यांचे किती? एकाचेही नाहीत. नकार कुणी मिरवत नाही, म्हणून तो दिसत नाही. नुसत्या अंशावरून अपूर्णांक कळतो का? छेदाकडे बघ. २०२४ च्या प्रवेशासाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले, निवडले गेले १,९३७. उरलेल्या बावन्न हजारांत तुझ्याएवढे गुण असलेले खंडीभर असणारच.

तुझा सॅट या प्रवेशपरीक्षेचा स्कोअर तिथल्या मधल्या पन्नास टक्क्यांच्या पट्ट्यात बसतो, म्हणून तू निम्मी शक्यता धरलीस. कशाच्या जोरावर? ‘कॉमन डेटा सेट’ या प्रवेशांच्या आकडेवारीत विद्यापीठं तो पट्टा छापतात तो दाखल झालेल्यांचा. तेवढेच गुण घेऊन बाहेर राहिलेले त्यात नसतात. पुन्हा छेद!

आणि दहा ठिकाणी पाच-पाच टक्के म्हणजे पन्नास टक्के? गणितात तू माझ्यापेक्षा बरी आहेस, मग हे काय? दहाही निकाल एकमेकांपासून स्वतंत्र असते, तरी निदान एक होकार येण्याची शक्यता चाळीसच टक्के भरते. शिवाय ते स्वतंत्र नसतात. तीच गुणपत्रिका, तीच शिफारसपत्रं, बहुतेक तोच निबंध सगळीकडे जातो. एकाला जे खटकलं ते दुसऱ्यालाही खटकू शकतं.

तू आर्थिक मदत मागणार आहेस, तेव्हा तुझा छेद आणखी वेगळा. परदेशी अर्जदाराची ऐपत न बघता निवड करणारी अमेरिकी विद्यापीठं मोजकीच: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी. इतर बहुतेक ठिकाणी तुला पैसे लागणार, हेही निवडताना धरलं जातं.

पालक म्हणतात, मी मुलांचा हिरमोड करतो. म्हणोत. मला नकार आला तेव्हा निवडलेल्यांशी तुलना करत मी कितीतरी काळ स्वतःतली खोट शोधत बसलो. माझ्यासारखेच किती जण बाहेर राहिले, हे कुणी दाखवलं नाही. त्या पायी गेलेली उमेद अजून सलते. म्हणून मी आकडे आधी दाखवतो, आणि दाखवत राहणार.

यादी नव्याने कर. निदान तीन ठिकाणं अशी हवीत, जिथे निम्म्याहून जास्त अर्जदारांना घेतात, तुझे गुण वरच्या पाव भागात येतात, खर्च झेपतो आणि चार वर्षं काढायला तुला आवडतील. ही शेवटची अट तू हमखास गाळशील, म्हणून वेगळी सांगतो. हार्वर्डलाही अर्ज कर, मी कुठे नको म्हणतोय? फक्त यादी रविवारपर्यंत पाठव. शिफारसपत्र लिहायला मला वेळ लागतो.